पिंजऱ्यातल्या माशाला इंजेक्शन देऊन फुगवतात?

बडोद्यात दांडिया बाजारच्या आसपासच्या मराठी घरांत जिताडा या माशाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘पिंजऱ्यातला नको, त्याला इंजेक्शनं देऊन फुगवतात.’ वर्षानुवर्षं हे ऐकतोय. ते खरं नाही.

मासे पाळण्यासाठी समुद्रात सोडलेल्या जाळीच्या एका गोल पिंजऱ्यात हजारो मासे असतात. एकेकाला पकडून सुई टोचत बसलं तर हाताळणीनेच कितीतरी मरतील. मासा वाढतो तो खाद्यावर: मासळीची भुकटी, सोयाबीन, तेल यांच्या गोळ्यांवर.

मग इंजेक्शनची गोष्ट आली कुठून? बीजकेंद्रातून, म्हणजे माशांची पिल्लं तयार करतात तिथून. तिथे नर-मादीला अंडी घालण्यासाठी संप्रेरकाची (हार्मोनची) मोजकी मात्रा देतात. बाजारात येणारे मासे हे नव्हेत, ते त्यांचे आईबाप. अंड्यांतून निघालेली पिल्लं इतकी इवली असतात, की आधी त्यांना सूक्ष्म जीव खाऊ घालावे लागतात. या कामात फार चिकाटी लागते. तमिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2010 मध्ये कोबियाचं आणि 2011 मध्ये पॉम्पॅनोचं बीज तयार केलं, तेव्हा कुठे या माशांच्या शेतीला आपल्याकडे पाया मिळाला.

काळजी करायचीच तर दुसऱ्या गोष्टींची करा. दाटीवाटीने मासे कोंबले, तर रोग पसरतो. उरलेलं खाद्य तळाशी कुजतं. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या प्रतिजैविकांवर मत्स्यशेतीत बंदी आहे, ती पाळली जाते का हे विचारणं आपला हक्क आहे. आणि ताजेपणा? डोळे स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबल्यावर मांस परत वर येणारं. पिंजऱ्यातला असो वा जाळ्यातला, तपासायचं हेच.