‘लुकअप’ची पार्श्वभूमी : फॉर्मवर दिसणारे दुसऱ्या टेबलचे नाव

२०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. ज्या वेब ॲप्लिकेशनमध्ये जिल्ह्यांचे वेगळे मास्टर टेबल (नावांची मूळ यादी; बाकी नोंदींत फक्त त्यातला क्रमांक, म्हणजे आयडी, असतो) होते, तिथे एका ओळीतले नाव बदलले की काम संपले. त्या क्षणापासून प्रत्येक फॉर्मवर धाराशिव दिसू लागते, २००९ साली भरलेल्या अर्जावरही. अर्ज भरणाऱ्याने मात्र तेव्हा उस्मानाबाद निवडले होते. सध्याचा पत्ता दाखवणाऱ्या फॉर्मला हे अगदी योग्य आहे. त्या अर्जाची प्रत मागायला कोणी आले, तर मात्र पंचाईत होते.

हा पेच वेबच्या आधीपासूनचा आहे. १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल मॉडेलने माहिती टेबलांमध्ये वाटून ठेवायला शिकवले. ती पडद्यावर पुन्हा एकत्र आणण्याचे काम फॉर्म बनवणाऱ्यांच्या वाट्याला आले. फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्राममध्ये त्यासाठी दोन टेबले जोडणारी ‘सेट रिलेशन’ ही आज्ञा होती. फॉर्म बनवण्याच्या ओरॅकल फॉर्म्समध्ये मूळ टेबलाबाहेरचे फील्ड ‘पोस्ट-क्वेरी’ ट्रिगर (ओळ आल्यावर आपोआप चालणारा कोड) लिहून भरले जाई. वीस ओळी दिसत असतील तर ट्रिगर वीस वेळा चाले आणि प्रत्येक वेळी नाव शोधायला वेगळी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) जाई. पुढे वेबवाल्यांनी याच दुखण्याला ‘एन प्लस वन’ (यादीसाठी एक क्वेरी, वर तिच्या एन ओळींसाठी एन) म्हटले.

सगळ्यात जास्त गोंधळ घातला तो ‘लुकअप’ या शब्दाने. १९९५ मध्ये फाइलमेकर प्रो ३.० आले, तोवर फाइलमेकर या डेटाबेस प्रोग्राममध्ये खरे रिलेशन (टेबलांमधले जिवंत नाते) नव्हते. तिथे लुकअप म्हणजे दुसऱ्या फाइलमधले मूल्य उचलून या नोंदीत लिहून ठेवणे. मूळ बदलले तरी नक्कल तशीच राही. ती ताजी करायची तर मुद्दाम ‘रीलुकअप’ करावे लागे. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये हाच शब्द नेमक्या उलट अर्थाने आला. लुकअप फील्डमध्ये साठतो तो आयडी, आणि दिसते ते नाव. टेबल उघडले की खणात ‘सांगली’ दिसते. आत असतो ४१२. डोळ्यांना जे दिसते त्यावर विश्वास ठेवून क्वेरीत ‘सांगली’ लिहावे, तर ओळ सापडत नाही. म्हणूनच अनुभवी ॲक्सेसवाले वर्षानुवर्षे सांगत आले की लुकअप टेबलात नको, फॉर्मवर कॉम्बो बॉक्स (निवडीची यादी) ठेवा. मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटते. २००७ च्या आवृत्तीत एकाच लुकअप फील्डमध्ये अनेक मूल्ये ठेवायची सोय झाली आणि जोडटेबल (दोन टेबलांतल्या आयडींच्या जोड्या ठेवणारे टेबल) पडद्याआड गेले, तेव्हा गुंता आणखी वाढला. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये (वेब ॲप्लिकेशनच्या तयार सांगाड्यात) तर लुकअप म्हणजे दोन अंडरस्कोर लावून लिहिलेली क्वेरीची अट.

म्हणजे ग्राहक ‘इथे लुकअप द्या’ म्हणतो तेव्हा त्याला नक्कल हवी असते की मूळ टेबलात उघडणारी खिडकी, हे शब्दावरून कळत नाही, आणि चूक व्हायला तेवढे पुरते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी शाम्पूवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. बिलाच्या फॉर्मवर दर वस्तूंच्या टेबलातून थेट येत असेल, तर ऑगस्टचे बिल उघडल्यावर माल १०० रुपये, कर ५ टक्के, पण तेव्हा साठवलेली एकूण रक्कम ११८ असे दिसणार. नॉर्मलायझेशन (एक माहिती एकाच जागी ठेवण्याची पद्धत) शिकवताना नक्कल वाईटच, असे मनावर इतके बिंबवले जाते की बिलात दर लिहून ठेवायला नवा प्रोग्रामर कचरतो. पण त्या दिवशी लावलेला दर ही त्या बिलाची स्वतःची माहिती आहे. तिला पुनरुक्ती म्हणणे चूक आहे.

वेबवर हे सगळे पुन्हा पहिल्यापासून घडले. १९९५ च्या एचटीएमएल २.० या वेबपानांच्या भाषेतल्या सिलेक्ट या ड्रॉपडाउनमध्ये व्हॅल्यू (पाठवले जाणारे मूल्य) वेगळी आणि दिसणारा मजकूर वेगळा ठेवता येत होताच. पण पीएचपी या वेबभाषेच्या जोडीला असलेल्या मायएसक्यूएल डेटाबेसमधली मायआयसॅम प्रकारची टेबले फॉरेन कीची (इथला आयडी दुसऱ्या टेबलात असायलाच हवा, या नियमाची) ओळ मुकाट्याने स्वीकारत आणि पाळत मात्र नसत. फॉरेन की पाळणारा इनोडीबी हा टेबलप्रकार डीफॉल्ट पर्याय झाला तो २०१० मध्ये, ५.५ आवृत्तीत. तोवर अनेक ठिकाणी मास्टरमधली ओळ कोणी उडवली की फॉर्मवर नावाच्या जागी नुसता रिकामा चौकोन उरे.

२००४-०५ मध्ये रेल्स आणि जँगो ही फ्रेमवर्क आली आणि नाते कोडमध्ये एकदा सांगितले की पुरू लागले. जँगोचे ॲडमिन (नोंदी सांभाळायची तयार पाने) फॉरेन कीचा ड्रॉपडाउन आपोआप बनवते, पण त्यात समोरच्या टेबलातली प्रत्येक ओळ भरते. ओळी लाखभर असल्या की पान उघडता उघडत नाही. टाइप करत शोधायची सोय डिसेंबर २०१७ च्या २.० मध्ये मिळाली. यादीच्या पानावर दोन अंडरस्कोर देऊन संबंधित टेबलाचा कॉलम दाखवता येऊ लागला तो थेट ऑगस्ट २०२४ मध्ये, ५.१ आवृत्तीत. त्याआधी अशा प्रत्येक कॉलमसाठी छोटे फंक्शन लिहावे लागे. इतकी साधी गरज इतकी वर्षे अडून राहायला नको होती.

रेल्सने २००९ मध्ये एकाच फॉर्ममधून मूळ आणि संबंधित टेबल दोन्ही भरायची सोय दिली. पण फॉर्ममधून आलेले प्रत्येक फील्ड स्वीकारण्याच्या सवयीने मार्च २०१२ मध्ये दगा दिला. एका मोठ्या कोड-साठवण साइटवर एकाने फॉर्मसोबत दुसऱ्याचा यूजर आयडी पाठवून आपली की (प्रवेशाची डिजिटल किल्ली) त्याच्या खात्याला जोडून दाखवली. २०१३ च्या रेल्स ४ मध्ये स्वीकारायची फील्ड स्पष्ट लिहिणे हाच डीफॉल्ट झाला.

नाव बदलण्यापेक्षा अवघड प्रकरण पालघरचे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून तो वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मास्टरमधले नाव बदलून भागणारे नव्हते. वसई, डहाणूच्या नोंदी तालुका पाहून नव्या आयडीवर न्याव्या लागणार होत्या, आणि जुने दाखले ठाण्यावरच राहायला हवे होते. ओळ कधीपासून कधीपर्यंत लागू, हे सांगायची सोय डेटाबेसची भाषा एसक्यूएलच्या २०११ च्या मानकात आली. पोस्टग्रेस या डेटाबेसने तशा काळबद्ध फॉरेन की २०२५ मध्ये, आवृत्ती १८ मध्ये दिल्या. फ्रेमवर्कमधला तयार ड्रॉपडाउन मात्र नोंदीची तारीख विचारात घेत नाही. तेवढा कोड आजही हातानेच लिहावा लागतो.