टाऊन हॉलचं म्युझियम वेगळं, न्यू पॅलेसचं वेगळं

कोल्हापुरात ‘म्युझियमला जायचंय’ म्हटलं की रिक्षा सरळ न्यू पॅलेसला जाते. पाहुणे राजवाडा बघतात, अंबाबाईचं दर्शन घेतात, रंकाळ्यावर भेळ खातात आणि परततात. सीपीआर रुग्णालयाजवळचा टाऊन हॉल राहूनच जातो, आणि त्याची मला मनापासून हळहळ वाटते.

घोटाळा होतो तो मुख्यतः इमारतींमुळे. दोन्हींचा आराखडा चार्ल्स मँट या एकाच वास्तुतज्ज्ञाचा. खूण सोपी आहे: अष्टकोनी घड्याळाचा मनोरा दिसला की न्यू पॅलेस, निमुळते टोकदार कळस दिसले की टाऊन हॉल.

न्यू पॅलेस 1877 ते 1884 या काळात बांधला गेला. तिथलं शहाजी छत्रपती म्युझियम राजघराण्याचं आहे: शस्त्रं, पोशाख, शिकारीतले पेंढा भरलेले वाघ, दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवचरित्रातले प्रसंग. ज्या राजाने 1902 मध्ये मागासांसाठी नोकरीतल्या निम्म्या जागा राखल्या, त्या शाहू महाराजांच्या वापरातल्या वस्तू समोर बघताना ऊर भरून येतो.

टाऊन हॉलमध्ये मात्र कोल्हापूरची माती बोलते. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. सातवाहनकाळातली वस्ती तिथे उजेडात आली. या टेकडीतच पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली. ती वीतभरही उंच नाही, पण शरीराचा डौल आणि स्नायूंची घडण बघत राहावं अशी. समुद्र इथून सह्याद्रीपलीकडे, तरी समुद्राचा देव इथवर आला! कोकणातल्या बंदरांत उतरलेला रोमन माल घाट चढून या गावात पोचत होता, हे त्या इवल्याशा मूर्तीसमोर उभं राहिल्यावर जितकं पटतं तितकं पुस्तकात वाचून पटत नाही. लोक दोन मिनिटांत पुढे सरकतात. कृपा करून तसं करू नका. वाकून, जवळून बघा.

वरती आबालाल रहिमान यांच्यासारख्या कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रंही तिथे आहेत.

भवानी मंडपाजवळचा जुना राजवाडा या दोन्हींपेक्षा निराळा, हेही सांगून ठेवते. दोन्ही म्युझियमं बघणार असाल तर आधी टाऊन हॉल, मग पॅलेस करा. म्हणजे शहर राजघराण्याच्या कितीतरी आधीपासूनचं आहे हे डोक्यात ठेवून राजवाड्यात शिराल. टाऊन हॉल सोमवारी बंद असतो.