फिलिपिन्सचे स्पॅनिश काळातले टपालदर: या विषयाचं एक्झिबिट लावायचंय? अर्ज, पात्रता, कागदपत्रं

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाच्या फॉर्मवर पहिलाच रकाना क्लासचा, म्हणजे स्पर्धेतल्या विभागाचा असतो आणि तिथेच बरेच जण अडकतात. तुमचा विषय देशांतर्गत टपालदर कसे बदलले हा असेल तर 'पोस्टल हिस्टरी' लिहा, 'ट्रॅडिशनल' नको, कारण ट्रॅडिशनलमधे तिकिटाची छपाई, छटा, चुका बघतात आणि पोस्टल हिस्टरीत पत्र कुठून कुठे गेलं, किती वजनाचं होतं, किती पैसे पडले हे बघतात, म्हणजे सुटी कोरी तिकिटं कितीही देखणी असली तरी त्यांच्यावर फ्रेम (शीट लावायची चौकट) उभी राहत नाही, कव्हरं, म्हणजे खरोखर टपालातून गेलेली पाकिटं हवीत.

पात्रतेचं तसं सोपं आहे. सुरुवात राज्य पातळीवरच्या महापेक्सपासून करा, मग इनपेक्ससारखं राष्ट्रीय प्रदर्शन. आंतरराष्ट्रीय, म्हणजे एफआयपीच्या (तिकीटसंग्राहकांच्या जागतिक महासंघाच्या) प्रदर्शनात जायचं तर राष्ट्रीय पातळीवर आधी किमान वर्मेल मेडल (सोन्याच्या खालचं) लागतं, आणि अर्ज परस्पर पाठवता येत नाही, आपल्याकडून नेमलेल्या राष्ट्रीय कमिशनरमार्फत जातो. एक्झिबिट स्वतःच्या मालकीचं पाहिजे, मित्राचा माल आपल्या नावावर चालत नाही. एका फ्रेममधे ए-फोरच्या साधारण १६ शीट बसतात. पहिल्यांदा करताय तर एक फ्रेमच करा, या विषयाला ती पुरते.

आता खरी मेहनत प्रस्तावनेच्या शीटवर, कारण ज्युरी तिथूनच वाचायला लागतात आणि अर्जासोबत तिचीच कॉपी जोडायची असते. तिच्यात काय यायला हवं ते पुढे.

फिलिपिन्सची पहिली तिकिटं १ फेब्रुवारी १८५४ ला आली, राणी इसाबेल दुसरी हिचं चित्र, मनिलातच कोरलेली, किमती तेव्हाच्या नाण्यांत: ५ क्वार्तो, १० क्वार्तो, १ रेआल, २ रेआल. (१ रेआलच्या शीटवर एका ठिकाणी 'कोरेओस' (स्पॅनिशमधे टपाल) मधला ई राहून गेलाय, ते तिकीट प्रसिद्ध आहे पण तुमच्या विषयाशी त्याचा संबंध नाही, त्याच्यामागे पैसे घालवू नका.) देशातल्या देशात साध्या, एका वजनाच्या पत्राला ५ क्वार्तो आणि दुप्पट वजनाला १०, हा पाया. हिशोब असा, की २० क्वार्तोंचा १ रेआल आणि ८ रेआलांचा १ पेसो.

मग १८६४ ला एकदम ३ १/८ सेंतिमो, ६ २/८ सेंतिमो, १२ ४/८ सेंतिमो अशी तिकिटं दिसतात आणि नवखा माणूस लिहून टाकतो की दर बदलले. तसं नाहीये हो! पेसोचे १०० सेंतिमो केले, त्यामुळे ५ क्वार्तो म्हणजे पेसोचा बत्तिसावा भाग म्हणजे बरोब्बर ३.१२५ सेंतिमो, १० क्वार्तोंचे ६.२५, रेआलचे साडेबारा, २ रेआलचे २५. जुनेच आकडे नव्या नाण्यात मांडलेत, बाकी काही नाही. माझ्या मते अख्ख्या फ्रेमचा जीव या एका गोष्टीत आहे, तिच्यासाठी एक पूर्ण शीट ठेवा आणि डावीकडे क्वार्तोचं कव्हर, उजवीकडे सेंतिमोचं असं लावा.

पुढे गोंधळ वाढतो. आधी एस्कुदो (२ एस्कुदोंचा १ पेसो), मग पेसेता (५ पेसेतांचा १ पेसो), मग १८७८ ला मिलेसिमा, १००० चा एक पेसो. १८७२ च्या राजा आमादेओच्या तिकिटांत पेसेताचे ६२ सेंतिमो आणि १ पेसेता २५ सेंतिमो असे विचित्र आकडे आहेत (इथे सेंतिमो म्हणजे पेसेताचा शंभरावा भाग), भागून बघा, जवळजवळ तोच जुना १ रेआल आणि २ रेआल निघतात. पण १८७० च्या तिकिटावरच्या एस्कुदोच्या ५ सेंतिमोंचे (एस्कुदोच्या शंभराव्या भागांचे) ४ क्वार्तोच होतात, इथे आकडा खरंच हललाय, म्हणून इथे अंदाजाने लिहू नका, त्या वर्षाचं कव्हर दाखवा. १८६८ च्या क्रांतीनंतर जुन्या तिकिटांवर 'आबिलितादो पोर ला नासिओन' (राष्ट्राने वैध केलेलं) असा शिक्का मारून तीच चालवली, त्यामुळे तिकीट जुनं आणि तारीख नवी असं सापडतं, दर तारखेवरूनच ठरवा. गोव्याचं पोर्तुगीज टपाल जमवणाऱ्यांना ही डोकेदुखी ओळखीची असेल, तिथेही १८८१-८२ ला रेईस या जुन्या चलनातल्या तिकिटांवर नव्या चलनाचे आकडे छापलेच की.

परदेशी पत्रं यात मिसळू नका. १८७७ ला स्पेनच्या वसाहती जागतिक टपाल संघात आल्या, तो दर वेगळा.

कागदपत्रांत भरलेला फॉर्म, ओळखपत्र, प्रस्तावनेची कॉपी, आधीच्या मेडलचं सर्टिफिकेट असलं तर तेही, आणि फ्रेम फीची पावती. फी दर वेळी बदलते, त्या त्या प्रदर्शनाचं प्रॉस्पेक्टस (नियमांचं पत्रक) बघा. १८५४ च्या तिकिटांच्या नकला भरपूर आहेत, तेव्हा एक्स्पर्ट सर्टिफिकेट असेल तर त्याच शीटच्या मागे ठेवा. परदेशातून घेतलेल्या कव्हरांची कस्टम्सची पावती जपा.

दरांचे मूळ आदेश शोधायला माद्रिदच्या राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारातला 'उल्त्रामार' (समुद्रापलीकडच्या वसाहतींचा) विभाग आहे, त्यातलं जे स्कॅन झालंय ते 'पारेस' नावाच्या सरकारी पोर्टलवर फुकट दिसतं. स्पॅनिश येत नसेल तरी 'कोरेओस' आणि 'फिलिपिनास' टाकून सर्च करता येतं.

गुणांचं गणित असं: मांडणी आणि विषयाचं महत्त्व मिळून ३०, अभ्यास ३५, स्थिती आणि दुर्मिळता ३०, सजावट फक्त ५. म्हणजे रंगीत बॉर्डरपेक्षा प्रत्येक कव्हरखाली तारीख, वजन, दर आणि तो कसा काढला ही एक ओळ लिहा.