लघवीला फेस येतोय? कंबर दुखायची वाट पाहू नका

आमच्या फोंड्याच्या लॅबमध्ये बरेच जण 'कंबर धरलीय, किडनी बघा' म्हणत येतात. असं दुखणं बहुतेकदा स्नायूंचं किंवा मणक्याचं असतं. मुतखडा किंवा जंतुसंसर्ग सोडला तर किडनी सहसा दुखत नाही. बिघडते तीही गुपचूप.

लक्ष ठेवायचं ते लघवीवर. थोडा फेस कुणालाही येतो. पण पाणी ओतूनही तो जात नसेल आणि रोजच दिसत असेल, तर लघवीवाटे प्रथिनं जात असतील. रंग कोकमाच्या आगळासारखा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रात्री पुन्हा पुन्हा उठावं लागणं, सकाळी डोळ्यांभोवती सूज, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतणं हेही वयावर ढकलू नका. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर पायात पाणी साठलंय. ते हृदयामुळे किंवा यकृतामुळेही साठतं, म्हणून निदान डॉक्टरांवर सोडा. थकवा, अंगाला खाज, भूक मंदावणं ही बरीच उशिराची लक्षणं.

मधुमेह किंवा बीपी असेल तर लक्षणं दिसेपर्यंत थांबूच नका. वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो कचरा) आणि लघवीची एसीआर (लघवीतून किती प्रथिन जातंय ते सांगणारी तपासणी), दोन्ही करा. नुसतं क्रिएटिनिन 'नॉर्मल' आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. किडनीचं काम निम्म्यावर येईतो ते मर्यादेत राहू शकतं. रिपोर्टात ईजीएफआर (किडनी किती वेगाने रक्त गाळते त्याचा अंदाज) 60 च्या खाली किंवा एसीआर 30 च्या वर तीन महिने टिकून राहिला, तर तो जुनाट विकार धरतात. आणि साखर नाही म्हणून सुटलो, असंही नाही: दक्षिण गोव्यातल्या काणकोणात मधुमेह नसलेल्यांनाही किडनीचे विकार झालेले आहेत.

लघवी सकाळची पहिली आणा. मासिक पाळीत नको. आदल्या रात्री शागोतीही नको, मटणाने क्रिएटिनिन तात्पुरतं वाढतं. जिमची पावडर घेत असाल तर आधीच सांगा, आम्ही घरी कळवणार नाही!

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नका. किडनी आधीच कमजोर असेल तर करमलं (स्टार फ्रूट) पूर्ण बंद. ती खाल्ल्याने थांबता न थांबणारी उचकी, भ्रम, अगदी झटकेही येऊ शकतात.

पावसात शेतात उतरल्यावर ताप आला आणि लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा धाप लागली, तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) शक्यता असते. अशा वेळी आमच्याकडे न येता थेट हॉस्पिटल गाठा.