हलकाफुलका दूरचित्रवाणी रहस्यपट

खास दूरचित्रवाणीसाठी काढलेला, साधारण दीड तासाचा, खुनाच्या उलगड्याभोवती रचलेला, पण रक्तपात आणि क्रौर्य पडद्याआड ठेवणारा चित्रपट. अशा कथांना इंग्रजीत ‘कोझी’, म्हणजे उबदार, म्हणतात. या अर्थाने हा शब्द विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला दिसतो. गाव लहान असते, संशयित पाच-सहा असतात आणि तपास करणारी व्यक्ती बहुधा पोलीस नसते. गुन्हेगार सापडणार, हे प्रेक्षकाला सुरुवातीपासून ठाऊक असते.

पहिला दूरचित्रवाणीपट कोणता, याबद्दल एकमत नाही. काही जण अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीने १९५७ मध्ये दाखवलेल्या ‘द पाइड पायपर ऑफ हॅमलिन’ या संगीतपटापर्यंत मागे जातात. हा मान सर्वसाधारणपणे ७ ऑक्टोबर १९६४ रोजी त्याच वाहिनीवर आलेल्या ‘सी हाउ दे रन’ला दिला जातो. ‘वर्ल्ड प्रीमियर’ या मालेतील पहिला चित्रपट ‘फेम इज द नेम ऑफ द गेम’ (२६ नोव्हेंबर १९६६) हाच खरा प्रारंभ मानणारेही आहेत. मालेच्या रूपाने नियमित निर्मिती तेव्हापासून सुरू झाली, हे त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. मात्र प्रस्तुत प्रकाराच्या दृष्टीने या तिन्हींपेक्षा एक चौथा चित्रपट अधिक बोलका आहे. डॉन सीगल यांचा ‘द किलर्स’ (१९६४) काढला होता दूरचित्रवाणीसाठीच. पण घरात दाखवण्यास तो फार हिंसक ठरला आणि थेट चित्रपटगृहांत गेला. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकाच संचासमोर बसणार, हे गृहीत धरल्यावर खुनाची गोष्ट कशी सांगायची, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उघडपणे पुढे आला. हलकेफुलकेपणा हा नुसता आवडीचा भाग नव्हता. माध्यमाच्या या अडचणीतून निघालेली ती वाट होती, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ही वाट रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयाने रुंद केली. त्यांचा पोलीस तपासनीस लेफ्टनंट कोलंबो १९६० मध्ये ‘इनफ रोप’ या दूरचित्रवाणी नाट्यात बर्ट फ्रीड यांनी साकारला. १९६२ मध्ये त्याचे रंगमंचीय नाटक झाले आणि २० फेब्रुवारी १९६८ रोजी पीटर फॉक यांना घेऊन केलेला ‘प्रिस्क्रिप्शन : मर्डर’ हा दूरचित्रवाणीपट आला. खुनी कोण हे आधीच दाखवायचे आणि तो सापडतो कसा यात रस निर्माण करायचा, ही त्यातील रचना. ती या दोघांची नव्हे, आर. ऑस्टिन फ्रीमन यांच्या १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या कथासंग्रहात ती आढळते. दूरचित्रवाणीवर मात्र तिचा वेगळाच उपयोग झाला. खून सुरुवातीलाच उरकला की भीतीही तिथेच संपते. उरतो तो चुरगळलेल्या रेनकोटातला एक नम्र माणूस आणि त्याला कमी लेखणारा एक श्रीमंत, हुशार गुन्हेगार. कोलंबो निरोप घेतो, दारापर्यंत जातो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि वळून म्हणतो, ‘अजून एकच गोष्ट.’ समोरच्याने तोवर सोडलेला सुस्कारा अर्ध्यावर अडकतो. या लकबीचा उगम लिंक यांनी स्वतः सांगितला आहे : एक प्रवेश लांबीला कमी पडत होता, कोलंबो निघून गेल्याचे आधीच टंकून झाले होते आणि पुन्हा टंकण्याचा कंटाळा आला, म्हणून त्याला परत आणले. रेनकोट फॉक यांचा स्वतःचा होता.

१९७१ ते १९७७ या काळात एनबीसीने ‘मिस्टरी मूव्ही’ या नावाखाली मुख्यतः तीन गुप्तहेरांना आळीपाळीने एकच वेळ दिली : कोलंबो, मॅक्क्लाउड आणि मॅकमिलन दांपत्य. या पद्धतीला ‘चाक’ म्हणत. चित्रपटाच्या लांबीचा भाग दर आठवड्याला काढणे अवघड असते. तिघांनी वाटून घेतले की प्रत्येकाला उसंत मिळते. ९० मिनिटांच्या वेळेत जाहिराती वगळून सुमारे ७३ मिनिटे हाती येत. प्रत्येक जाहिरातीआधी एखादा धागा अधांतरी सोडावा लागे. चहा टाकायला उठलेला प्रेक्षक परत यावा, यासाठी ही शिस्त होती, आणि तिने या प्रकाराला एक ठाशीव ठेका दिला.

‘मर्डर, शी रोट’ (१९८४–९६, २६४ भाग) ही तासाभराची मालिका, त्यामुळे काटेकोर अर्थाने या नोंदीबाहेरची. पण वयस्क, एकटी, चौकस स्त्री आणि ओळखीच्या माणसांचे किनाऱ्यावरचे गाव हा साचा अमेरिकन दूरचित्रवाणीवर पक्का केला तो अँजेला लॅन्सबरी यांच्या जेसिका फ्लेचरने. त्यामागे अगाथा ख्रिस्तींच्या मिस मार्पलची सावली उघड आहे. मालिका संपल्यावर १९९७ ते २००३ दरम्यान तिचे चार दूरचित्रवाणीपटही आले.

आजचे रूप मुख्यतः हॉलमार्कचे. कॅन्सस सिटीतील या शुभेच्छापत्रांच्या कंपनीने १९५१ पासून दूरचित्रवाणी नाट्ये प्रायोजित केली होती. तिच्या चित्रपट वाहिनीच्या नावात २०१४ मध्ये ‘मिस्टरीज’ हा शब्द आला. नायिका ग्रंथपाल असते, बेकरी चालवते किंवा जुन्या वस्तू विकते. चित्रीकरण बहुतांशी कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात होते. तिथल्या करसवलती हे त्याचे एक प्रमुख कारण.

आकर्षणाची मीमांसा निरनिराळी केली जाते. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ च्या ‘द गिल्टी व्हिकारेज’ या निबंधात गुप्तहेरकथेचे मूळ निष्पापपणाच्या ओढीत शोधले : खुनाने डागाळलेला निर्मळ समाज गुन्हेगार बाहेर काढल्यावर पुन्हा स्वच्छ होतो. दुसरा पक्ष कोड्याचा; रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेसाठी घालून दिलेल्या दहा नियमांमागे वाचकाशी प्रामाणिक खेळ खेळण्याचा आग्रह आहे. दोन्ही मते मूलतः छापील कथेविषयीची आहेत. पडद्यावर कोडे बरेचदा सोपे असते, तरी प्रेक्षक तोच चित्रपट पुन्हा बघतो. याचा उलगडा सोबतीच्या कल्पनेने अधिक चांगला होतो. बेकरीच्या ओट्यावर पीठ मळता मळता दोन बहिणी संशयितांची नावे घेतात. हात थांबत नाहीत, कुणी आवाज चढवत नाही, मध्येच ओव्हन उघडून पाहिला जातो. घरात धुणे घडी करणाऱ्या, भाजी निवडणाऱ्या किंवा आजारपणात पडून असलेल्या माणसाला त्या स्वयंपाकघरात जागा मिळते. मृत्यूला फार हलके लेखले जाते, हा आक्षेप निराधार नाही. मृताचा शोक दोन प्रवेशांत आटोपतो. पण तपास करणारी व्यक्ती मृताला ओळखत असते आणि त्याच्यासाठी धडपडते, ही या प्रकाराची माणुसकी टीकाकारांच्या नजरेतून सुटते.

ब्रिटनमध्ये ‘मिडसमर मर्डर्स’ (१९९७ पासून), तर जर्मनीत म्युन्स्टर शहरातल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याभोवती फिरणारी ‘विल्सबर्ग’ (१९९५ पासून) हे पूर्ण लांबीचे भाग याच कुळातले. भारतात दूरदर्शनवरील ‘करमचंद’ने (१९८५) गाजर चघळणारा विनोदी गुप्तहेर घरोघरी नेला, पण तो साप्ताहिक मालिकेच्या रूपात.