बार्नार्डोज

रस्त्यावर राहणाऱ्या निराधार मुलांना आसरा देण्यासाठी लंडनच्या ईस्ट एंड भागात निघालेली आणि पुढे ब्रिटनभर पसरलेली धर्मादाय संस्था. संस्थापक टॉमस जॉन बार्नार्डो (1845–1905) मूळचे डब्लिनचे. चीनमध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून जायचे ठरवून ते 1866 मध्ये लंडनला शिकायला आले. त्याच वर्षी ईस्ट एंडमध्ये पटकीची साथ होती. स्टेपनीतील ‘रॅगेड स्कूल’मध्ये, म्हणजे अंगावर धड कपडा नसलेल्या मुलांच्या मोफत शाळेत, ते शिकवू लागले आणि चीनचा बेत मागे पडला.

स्थापनेच्या वर्षाबाबत एकवाक्यता नाही. संस्था स्वतः 1866 हे वर्ष धरते; अन्यत्र 1867 किंवा 1868 आढळते. घोळाचे मूळ जिम जार्व्हिसच्या कथेत आहे. शाळा सुटल्यावरही हा मुलगा शेकोटीपाशी रेंगाळला, आपल्याला घर नाही असे त्याने सांगितले आणि मध्यरात्रीनंतर बार्नार्डोंना एका छपरावर नेऊन तिथे थंडीत झोपलेली मुले दाखवली. परंपरेनुसार हा प्रसंग 1866 च्या हिवाळ्यातला. मात्र तो गृहीत धरतो नीट चाललेली रात्रशाळा, आणि बार्नार्डोंना तर लंडनला येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. शिवाय हकीकत त्यांनी बऱ्याच काळाने, देणगीदारांसमोर सांगितली. त्यामुळे काही अभ्यासक प्रसंग नंतरचा मानतात व ते अधिक सयुक्तिक वाटते. मुलांच्या निवाऱ्याचा निःसंदिग्ध आरंभ 1870 चा: स्टेपनी कॉजवे या गल्लीतील मुलग्यांचे वसतिगृह.

जागा नाही म्हणून तेथून परत पाठवलेला ‘कॅरट्स’ नावाचा अकरा वर्षांचा मुलगा थोड्याच दिवसांत एका पिंपात मेलेला आढळला. भूक आणि थंडीने त्याचा जीव घेतला होता. त्यानंतर दारावर पाटी लागली: ‘कोणत्याही निराधार मुलाला कधीही प्रवेश नाकारला जात नाही’. संस्थेची पुढची सारी वाढ आणि कायमचे कर्ज या एका वचनातून आले. मुलींसाठी 1876 मध्ये बार्किंगसाइड येथे लहान घरांचे ‘गाव’ वसले. प्रत्येक घराला एक ‘आई’ नेमलेली असे. 1877 मध्ये कॉपरफील्ड रोडवर कालव्याकाठच्या गोदामांत मोफत शाळा निघाली. मुलांना खेड्यांतील कुटुंबांत ठेवण्याची पद्धतही 1880 च्या दशकात सुरू झाली. बार्नार्डो वारले तेव्हा 96 गृहांत सुमारे 8,500 मुले होती. तोवर सांभाळलेल्या मुलांची संख्या 60,000 च्या घरात जाते.

छायाचित्रांचा वाद विशेष महत्त्वाचा. 1874 पासून संस्थेत दाखल होणाऱ्या मुलांची छायाचित्रे घेतली जात. त्यांतील काही ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोड्यांनी छापून विकली जात: एकीकडे अनवाणी, केस विस्कटलेला ‘पूर्वीचा छोटा भटक्या’, शेजारी तोच मुलगा ‘आताचा छोटा कामकरी’. मुले अधिक दीन दिसावीत म्हणून त्यांचे कपडे मुद्दाम फाडले जात, असा आरोप झाला. 1877 मध्ये प्रकरण लवादापुढे गेले. पैशाच्या गैरव्यवहाराच्या आरोपांतून बार्नार्डो सुटले, पण अशा ‘कलात्मक कल्पिता’वर लवादाने ठपका ठेवला. त्यानंतर जोड्या थांबल्या, नोंदींसाठी छायाचित्रे घेणे चालूच राहिले. ‘डॉक्टर’ ही उपाधीही ते वैद्यकीय पात्रता मिळवण्यापूर्वीपासून (ती 1876 मध्ये मिळाली) लावत असत.

पालकांच्या संमतीवाचून मुले ठेवून घेण्याच्या त्यांच्या पद्धतीवरून न्यायालयीन खटले झाले. 1891 च्या मुलांच्या ताब्याविषयीच्या कायद्याला ‘बार्नार्डो कायदा’ असे म्हटले गेले. 1882 पासून सुमारे 30,000 मुले कॅनडात पाठवली गेली. तेथे अनेकांच्या वाट्याला शेतावरची राबणूक व एकाकीपण आले. यातील हेतू चांगला असला, तरी मुलांना विचारले गेले नव्हते, हे नोंदवणे आवश्यक आहे. बाल-स्थलांतराबद्दल ब्रिटिश सरकारने 2010 मध्ये माफी मागितली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी वसतिगृहे क्रमाने बंद होऊन कुटुंबाधारित काम, पालकत्व व दत्तक यांवर भर आला. ‘बार्नार्डोज’ हे नाव 1988 पासूनचे. कॅनडात गेलेल्या मुलांचे वंशज आज संस्थेच्या दप्तराकडे चौकशी करतात. पुष्कळदा आजोबांचा लहानपणीचा एकमेव फोटो त्यांना तेथेच, दाखल झाल्या दिवसाच्या नोंदीसोबत मिळतो.