बुखारीने तापवलेल्या घरातील हवा व आर्द्रता

काश्मीर, लडाख आणि हिमाचल प्रदेशातील घरांत हिवाळ्यात पत्र्याची बुखारी पेटवतात. तिच्यात लाकूड जळते आणि धूर नळीवाटे घराबाहेर जातो. बुखारी हवेतील ओलावा जाळून टाकते, असा समज आहे. तो बरोबर नाही. नळीतून वर चढणारा तप्त धूर खोलीतील हवा ओढून नेतो आणि तिची जागा फटींतून येणारी बाहेरची थंड हवा घेते. थंड हवेत बाष्प मुळातच थोडे असते : 0° सेल्सिअसला बाष्पाने संपृक्त असलेली हवा 20° पर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेला वाटा) सुमारे 26 टक्क्यांवर उतरते, उणे 10° ची हवा असल्यास ती 12 टक्क्यांच्या आसपास येते. ओठ फुटणे, घसा सुकणे, लाकडी सामानाला चिरा पडणे हे सारे यातूनच उद्भवते.

एक किलो सुके लाकूड पूर्ण जळण्यास समुद्रसपाटीवर साधारण 5 घनमीटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट हवा बुखारीतून जाऊ शकते. तासाला 2 किलो लाकूड जळत असेल, तर 40 घनमीटरच्या खोलीतील निम्मी हवा तासाभरात धुरांड्यावाटे निघून जाते. सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेह येथे हवा विरळ असल्याने तेवढ्याच लाकडाला जवळजवळ दीडपट घनमीटर हवा द्यावी लागते.

म्हणूनच ऊब आणि ओलावा टिकवण्यासाठी सगळ्या फटी बुजवणे हा उपाय घातक आहे. हवा न मिळाल्यास ज्वलन अपुरे राहते, धूर खोलीत उलटतो आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड पसरतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. महाराष्ट्रात बाळंतिणीच्या बंद खोलीत ठेवल्या जाणाऱ्या कोळशाच्या शेगडीचा धोकाही हाच, किंबहुना अधिक, कारण तिला धुरांडेच नसते. घट्ट बांधणीच्या आधुनिक घरांत स्वयंपाकघरातील धूर बाहेर फेकणारा पंखा घरातील दाब कमी करून धूर मागे खेचू शकतो. सर्वांत चांगली सोय म्हणजे बाहेरची हवा स्वतंत्र नळीने थेट बुखारीच्या तोंडाशी आणणे. त्यामुळे खोलीतील तापलेली, दमट हवा धुरांड्यात जात नाही आणि कोरडेपणाही घटतो.

आगीला हवेची सोय झाल्यानंतरच पाण्याचा विचार करावा. बुखारीवर किटली ठेवण्याची डोंगरी प्रथा शास्त्राला धरून आहे. बाहेर उणे 10° असताना आत येणाऱ्या 20 घनमीटर हवेची आर्द्रता 40 टक्क्यांवर नेण्यास तासाला सुमारे 100 ग्रॅम पाणी पुरते. फटींतून अधिक हवा खेळत असल्यास जास्त लागते. काचांवर सतत दव जमू लागले, तर पाणी कमी करावे, अन्यथा थंड कोपऱ्यांत बुरशी धरते. ओले लाकूड जाळून मात्र खोली दमट होत नाही : त्यातील पाणी वाफ होऊन धुरांड्यातून जाते, उष्णता वाया जाते आणि नळीत पेट घेऊ शकणारा डांबरासारखा थर साचतो. जळणातील ओलावा 20 टक्क्यांच्या आत असावा.

रात्री ऊब राखण्यासाठी नळीची झडप पूर्ण बंद करू नये. धूर दिसेनासा झाला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो.